टाचणीची पाठ

आमच्या नाटक कंपनीचा कपडेपट सांभाळणाऱ्या बाईला सगळे टाचणी म्हणत. तोंडात कायम चार टाचण्या धरलेल्या, त्यामुळे तिच्या शिव्यासुद्धा शिट्टीसारख्या ऐकू येत. दोन प्रवेशांमधल्या दीड मिनिटात ती आमच्या पायाशी वाकून परकर आखूड करी, हूक लावी आणि पाठीत थाप घालून रंगमंचावर ढकली, "जा, उजेड पाड!" तीस वर्षं टाळ्या आम्हाला मिळाल्या. बाक तिला आला.

पन्नाशीच्या आत तिची पाळी गेली तेव्हा सगळ्या म्हणाल्या, "सुटलीस बाई!" मीही म्हणाले. आत हाडं ठिसूळ होतायत, हे एकाही शहाण्याने सांगितलं नाही. पुढे पाठ ठणकायला लागली, तर डॉक्टरांनी मान वर न करता गोळ्या लिहून दिल्या. "वय झालं. आराम करा." साठीला! साठीला मी सोळा वर्षांची नायिका करत होते, तेव्हा कुणाला माझं वय आठवलं नाही.

मग मी धावले मदतीला. "आखडलीयस तू. पडदा उघडायच्या आधी आम्ही करायचो तसं कर. गुडघे ताठ, खाली वाक, बोटं जमिनीला, आता कमरेतून पीळ." तिने केलं. माझं तिने नेहमीच ऐकलं होतं. चौथ्या दिवशी वाकली ती वर येईना. मणका चेपला होता.

तिच्या मुलाने फर्मान काढलं, "आई, आता पलंगावरून हलायचं नाही. शिलाई मशीन विकून टाकतो. जागाही होईल."

"घेणाऱ्याला सांग, सोबत म्हातारी फुकट," टाचणी म्हणाली आणि भिंतीकडे वळली. त्या मशीनवर तिने हा मुलगा वाढवला होता.

"पडल्या तर? मला भीती वाटते हो," सून मला म्हणाली.

"भीती तुला आणि शिक्षा तिला?" मी ओरडले. ओरडताना निम्मा राग माझ्यावरच होता.

दुखणं जरा ओसरल्यावर मी फिजिओथेरपिस्ट बाईंना घरी आणलं. त्यांनी पहिलाच प्रश्न केला, "वाकायला कुणी सांगितलं?"

"मी."

"पुन्हा कुणाला सांगू नका." मग टाचणीकडे वळून म्हणाल्या, "पुढे वाकणं, पिळणं बंद. पण पडून राहिलात तर हाडं आणखी झिजतील. त्यांना थोडा थोडा भार हवा."

टाचा आणि पाठ भिंतीला लावून उभं राहायचं. ओट्याला धरून एका पायावर तोल सांभाळायचा. हात न टेकता खुर्चीतून उठायचं. पहिल्या दिवशी टाचणी दोनदा उठली आणि दोन्ही वेळा बाईंच्या सात पिढ्या उद्धरल्या. बाई हसून म्हणाल्या, "उद्या तीनदा."

तिसऱ्या महिन्यात मशीन न्यायला गिऱ्हाईक आलं. मुलगा झाकण लावत होता. टाचणी खुर्चीत होती. हात मांडीवर ठेवूनच ती उठली, सरळ चालत आली आणि झाकणावर पंजा दाबला.

"विकायचं नाहीये."

"आई, तुझी पाठ..."

"माझी आहे ना? मग मला विचारायचं."

गिऱ्हाईक परत गेलं. मुलगा दोन दिवस धुसफुसला. तिसऱ्या दिवशी त्यानेच मशीनच्या पायांखाली लाकडी ठोकळे ठोकले, तिला वाकावं लागू नये म्हणून. आता ती वीस मिनिटं शिवते, उठून घरभर चालते, पुन्हा बसते. दुखतं अजून, पण झोप लागते.

परवा मी डोळ्यांत पाणी आणून तिची माफी मागायला गेले. चांगलं लांबलचक भाषण तयार होतं.

"नाटक पुरे," ती म्हणाली. "बस त्या खुर्चीत. आता हात न टेकता उठ. दहा वेळा."

तिसऱ्यालाच मी हात टेकले. मी चिडले, तिला नाही नाही ते बोलले.

"चार," ती म्हणाली.