माझ्या मुली, सरांचा संघ

सिंदेवाहीच्या शाळेत मी दिवसा भूगोल शिकवायचे आणि संध्याकाळी मुलींना खो-खो. मैदानातलं तण आम्हीच उपटलं, फक्कीच्या रेषा आम्हीच मारल्या. मुलींना खेळायला पाठवा म्हणून मी त्यांच्या बापांना धानाच्या बांध्यांवर जाऊन गाठलं. मग शारीरिक शिक्षणाचे नवे सर आले आणि मुख्याध्यापकांनी संघ त्यांच्याकडे दिला.

"आता तुमाले आराम, बाई," मुख्याध्यापक म्हणाले.

त्याच हिवाळ्यात माझ्या मुली गडचिरोलीला अंतिम सामना जिंकल्या. मी प्रेक्षकांत बसले होते. कर्णधार पोरीला खांबावर झेप घ्यायला मी शिकवलं होतं. ती धावत गेली आणि सरांच्या पाया पडली. माझा नुसता जळफळाट झाला. सर माणूस म्हणून भले होते, ते तर आणखीच खुपत होतं.

परतल्यावर मी मुख्याध्यापकांकडे पाचवीच्या मुली मागितल्या.

"त्या लेकरायले घेऊन काय करता?" ते हसले, पण नाही म्हणाले नाहीत.

त्यांतली एक पोर तलावावर मासे धरणाऱ्या घरातली होती. वर्षभरात ती अशी हुलकावणी द्यायला लागली, की सर मैदानाच्या कडेला थांबून बघायचे. एकदा ते म्हणाले, "बाई, हिले माझ्या संघात द्या न."

"नाई देत," मी म्हणाले. "माझ्याजवळ शिकून राह्यली ती."

सर आपल्या संघाकडे परत गेले. त्या संध्याकाळी मी पोरींना जरा जास्तच वेळ खेळवलं.