किडलं तेवढंच

सासूबाई विळीवर वांगी चिरायला बसल्या की मी बघत राहते. किडकं वांगं त्या टाकत नाहीत. कीड तेवढी काढतात, उरलेलं पाण्यात सोडतात.

माझ्या नवऱ्याच्या किडनीत कॅन्सरची गाठ निघाली, तेव्हा त्या डॉक्टरांनाही हेच म्हणाल्या, "किडलं तेवढंच काढा हो, बाकीची राहू द्या." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टर मात्र हसले नाहीत. "तेच करायचंय, आजी. यांना दुसरी नाहीच." जन्मापासून यांना एकच किडनी.

ऑपरेशननंतर डॉक्टर बाहेर आले. रक्तवाहिनीला चिमटा लावला तशी किडनी फिकी पडली म्हणे. गाठ काढली, टाके घातले, चिमटा सोडला आणि ती डोळ्यांदेखत पुन्हा गुलाबी झाली. रोज ऑपरेशनं करणारा माणूस, पण हे सांगताना आवाज अगदी हळू झाला होता.

मग आम्ही दोघी खाटेशेजारी बसून लघवीच्या पिशवीकडे बघत राहिलो. नळीच्या टोकाशी एक लालसर थेंब जमला, लोंबला, पडला. त्याच्यामागे दुसरा. सासूबाईंनी पदर सावरला आणि पिशवीला हात जोडले.

इकडेतिकडे न बघता मीही जोडले.