कडूबाईची गांडुळं

कडूबाई म्हणजे झरी गावातलं खणखणीत तोंड. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून आईबापांनी हिचं नाव कडू ठेवलं, यमाला गोडी वाटू नये म्हणून. यमाला वाटली नाही, पण गावालाही फारशी वाटली नाही. बाई बोलायला लागली की समोरच्याचं काय चुकलं ते त्याला चारचौघांत कळायचं. नवरा होता तोवर तो मुकाट ऐकून घ्यायचा. तो गेला, मग पोरगा सुग्रीव ऐकून घ्यायला लागला. पण दसरा झाला की सुग्रीव, सून आणि नात मुकादमाच्या ट्रकात बसून पश्चिमेला उसाच्या फडावर जायचे, ते थेट उन्हाळ्यात परत. मधले महिने कडूबाईनं घर राखायचं. आता भिंती काय कुणी पळवून नेणार होतं? पण म्हातारीला मागं ठेवायचं तर काहीतरी काम सांगावं लागतं, ते तिला सांगितलं होतं.

विद्यापीठाचं नामांतर झालं त्याच्या आदल्या हिवाळ्यातली ही गोष्ट. महिला मंडळाच्या बायकांना टेम्पोत घालून परभणीला शेतकरी मेळाव्याला नेलं. बाकीच्या जेवण मिळणार म्हणून गेल्या, कडूबाई बोलायला माणसं मिळणार म्हणून गेली. तिथं एका मॅडमनी गांडूळखत समजावून सांगितलं. घरातल्या साली, देठं, खरकटं गांडुळांना घालायचं, ती त्याचं खत करतात. निघताना प्रत्येकीच्या हातात एक प्लास्टिकची पिशवी, आत शेणखतात मूठभर गांडुळं. अगं बाई! टेम्पो शहराबाहेर पडायच्या आत निम्म्या पिशव्या रस्त्यावर. काहींनी ठेवल्या, त्या कोंबड्यांसाठी. कडूबाईनं मात्र आपली पिशवी पदराखाली धरली. "ह्यांना उपाशी ठेवू नका हं, ती आता तुमच्यावरच जगणार," असं मॅडम बोलल्या होत्या. तुझ्यावर कुणीतरी जगणार आहे, असं तिला कितीतरी वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं.

परसात लिंबाखाली एक फुटका रांजण पडला होता. त्याच्या तळाला तिनं खडी घातली, वर तुराट्यांचा चुरा, वर जुनं मुरलेलं शेण. त्यात गांडुळं सोडली आणि वरून ओलं पोतं टाकलं. गांडुळं रमली. अडचण निघाली ती भलतीच. एकटीच्या चुलीला कचराच होईना! सकाळी एक भाकर आणि पिठलं, संध्याकाळी उरलेली अर्धी ठेच्यासंगं. पिठल्याला साल कुठली? मिरच्यांची देठं घातली तर गांडुळं लांब सरकून बसली.

"तुमचंबी नाक वर काय रं?" ती रांजणात वाकून ओरडली. ओरडली आणि तिला लय बरं वाटलं. किती दिवसांनी घरात कुणावर तरी ओरडायला मिळालं होतं.

शेवटी टोपली काखेत मारून ती शेजारच्या सुलाबाईच्या दारात गेली.

"सुले, भाजीची देठं, साली, उष्टं-खरकटं काय असंल ते टाकू नको. मला दे."

सुलाबाईचा हात पिठातच थांबला. "कशाला वं काकू?"

"गांडुळांना."

आता हे असं आहे. आपल्याकडं पोटाला नसलेलं माणूस सोताच्या नावानं कधी मागतं का? ते कुत्र्याचं नाव घेतं, म्हशीचं नाव घेतं. गांडुळाचं नाव तेवढं झरीनं पहिल्यांदा ऐकलं. सुलाबाईनं निमूटपणे वांग्याची देठं टोपलीत टाकली. आणि संध्याकाळी पदराखाली झाकलेलं ताट घेऊन आली. दोन भाकरी, वांग्याची भाजी, कांदा.

"गांडुळांना आणलं काकू," ती खाली बघत म्हणाली. "गरम हाय. निवायच्या आत घाला."

कडूबाईच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "मी काय भिकेला लागले काय गं? चल, रांजण दाखवते तुला!"

"राहू द्या काकू. आमाला कळतंय," सुलाबाई म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

मग काय, गावभर झालं. कडूबाई जितकं समजावून सांगे तितकी बायकांना तिची कीव येई. सुग्रीवनं मायला उपाशी टाकलं म्हणे! आज या घरचं ताट, उद्या त्या घरचं. कडूबाई प्रत्येकीला फाडफाड बोलायची. पण खरं सांगायचं तर दिवस मावळला की तिचे कान दाराकडं लागायचे. कोण येतंय, काय बोलतंय. आणि सकाळी ती पुन्हा टोपली घेऊन निघायची. लोक काय समजतात ते तिला का कळत नव्हतं? चांगलं कळत होतं. पण थांबली असती तर गांडुळं मेली असती, आणि दारोदारचं ते दोन शब्द बोलणंही गेलं असतं.

गावाच्या तोंडाला कोण हात लावणार? मुकादम कामासाठी गावात येऊन गेला आणि ही बातमी फडावर घेऊन गेला. एका दुपारी जिंतूरकडच्या एसटीतून सुग्रीव उतरला. अंगावर उसाच्या पानांचे ओरखडे, डोळे लाल. घरात आल्या आल्या त्यानं आधी कणगीचं झाकण काढून पाहिलं. ज्वारी गळ्यापर्यंत होती.

"तुला काय कमी करून गेलो होतो गं माय? अन तू दारोदार उष्टं मागायलीस? फडावर मान वर करायची सोय न्हाई राह्यली मला!"

कडूबाईनं त्याचं मनगट धरलं आणि त्याला परसात ओढत नेलं. पोतं बाजूला केलं. ओल्या काळ्या खतात तांबडी गांडुळं वळवळत होती.

"ह्याच्यासाठी?"

"ह्याच्यासाठी. तुमी गेल्यावर घरात साल पडत न्हाई रं. माणसं असली तर कचरा होतो."

सुग्रीव लिंबाच्या बुंध्याशी खाली बसला. मग म्हणाला, "चल मग माझ्यासंगं. फडावर खोपीत राहा. पोरीला सांभाळ."

हे ऐकायला कडूबाई किती दसरे थांबली होती! ट्रक यायच्या दिवशी ती आपलं धड असलेलं लुगडं धुऊन ठेवायची, न जाणो, पोरगा म्हणाला चल, तर. आणि आज तो म्हणाला.

"हे दसऱ्याला का न्हाई मनलास?" तिनं विचारलं.

सुग्रीव काडीनं माती उकरत राहिला.

"लोक बोलले मनून न्यायलास ना मला?"

त्यानं नुसतं "न्हाई माय" म्हटलं असतं, खोटं का होईना, तर ती उभ्या पायानं निघाली असती. त्यानं हातातली काडी मोडून टाकली. कडूबाईनं पोतं पुन्हा रांजणावर ओढलं. "जा तू. मला हितं काम हाय."

सुग्रीवला थांबता येत नव्हतं. तिकडं बायको एकटीच कोयता चालवत होती. जाताना त्यानं मायला पोरीची शपथ घातली, पुन्हा कुणाच्या दारात जायचं नाही. वाटेत सुलाबाईलाही बजावलं, माझी माय उपाशी नाही, कुणी काही आणायचं नाही. त्या संध्याकाळी कुणी आलं नाही. दुसऱ्या संध्याकाळीही नाही.

मग बाजाराच्या दिवशी कडूबाईनं भोपळा घेतला, वांगी घेतली, मेथीच्या जुड्या घेतल्या. घरी येऊन विळीवर बसली. साली, देठं, काड्या, बिया, चांगला ढीग झाला. तो तिनं रांजणात पसरला, वर पाणी शिंपडलं. पण चिरलेल्या भाजीचं काय करायचं? टाकवेना. तिनं मोठी कढई चढवली. एवढ्या भाजीला भाकरीही तेवढ्याच लागणार, म्हणून परातीत पीठ घेतलं आणि थापत बसली. हाताला सवय होती, दुरडी भरली. चुलीपुढं सगळ्या घराचं जेवण तयार झालं, वाफ निघायला लागली.

"सुग्रीव, ये रं! पोरीला घेऊन ये, निवायलंय!"

हाक तोंडातून निघून गेली, तेव्हा तिचं तिलाच कळलं. ती तशीच दाराकडं बघत राहिली. मग पदरानं डोळे पुसले, एक ताट ओढून घेतलं आणि जेवायला बसली.