चुलत्यांच्या छातीचा फोटो

सत्तरच्या दशकातली गोष्ट. पलटणीतून निवृत्त होऊन आलेले माझे चुलते आष्ट्याला शेती बघायचे आणि हौसेनं कबुतरं पाळायचे. एका हिवाळ्यात त्यांना ताप भरला. कोरडा खोकला आणि डोकेदुखी थांबेना. गावातल्या डॉक्टरांनी पेनिसिलिनची इंजेक्शनं दिली, पण ताप उतरला नाही. क्षय असेल या भीतीनं काकूंनी मुलांना माहेरी धाडलं आणि मी चुलत्यांना एसटीनं सांगलीला नेलं.

तिथल्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढायला लावला. फिल्म उजेडासमोर धरून त्यांनी उजव्या फुप्फुसाच्या तळाशी पसरलेला पांढुरका डाग मला दाखवला.

"क्षय बहुतेक वेळा वरच्या भागात दिसतो," ते म्हणाले. "हा न्यूमोनिया वाटतोय, पण नेहमीचा नव्हे. घरी पाखरं आहेत का?"

"कबुतरं हायती," चुलते म्हणाले. "मागल्या महिन्यात काही मेली. खुराडं मीच झाडलं."

वाळलेल्या विष्ठेची धूळ श्वासातून आत गेली असावी, असं सांगून डॉक्टरांनी टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दिल्या. आठवड्याच्या आत ताप गेला. काकूंनी मुलांना परत आणलं.

पुढं पुन्हा फोटो काढला, तेव्हा डाग जवळजवळ विरला होता. चुलत्यांनी हळूच विचारलं, "आवं डॉक्टर, पाखरं ठिवू का आता?"

"ठेवा. पण पाणी शिंपडल्याशिवाय झाडू नका आणि नाकातोंडाला फडकं बांधा."

हे त्यांनी शेवटपर्यंत पाळलं.