टायरला तेल

बी.एड.चा माझा पहिला सराव पाठ रामाकोना गावच्या शाळेत, आठवीच्या मुलींपुढे होता. विषय डायनॅमो. माझं सगळं शिक्षण इंग्रजी माध्यमातलं, आणि चार लोकांपुढे मला कोणत्याच भाषेत बोलता येत नाही. पाठ फसला तर तो पुन्हा द्यावा लागणार होता, म्हणजे पुन्हा तेच उभं राहणं. वाटलं, बाबांची डायनॅमोच्या दिव्याची जुनी सायकल नेली तर बोलायचं काम तीच करेल.

सकाळी बाबांनी सौसरहून, आमच्या घरून, ती संत्र्याच्या गाडीत चढवून दिली. दसऱ्याला पुजतात तशी धुतलेली, हँडलला झेंडूचा हार, टायरसुद्धा चमकत होते.

"पयला पाठ हाय बेटा, सायकल कशी झकास पाह्यजे."

वर्गात सायकल स्टँडवर लावली, डायनॅमोची फिरकी मागच्या टायरला टेकवली, खिडक्या बंद करून घेतल्या. हाताने पेडल फिरवलं. दिवा लागला नाही. आणखी जोरात फिरवलं. नाहीच. मागच्या बाकावर पाठ तपासायला बसलेल्या मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं. घोकून आणलेलं 'चुंबकीय क्षेत्र' विसरून मी डायनॅमोची तार चाचपू लागले.

"मॅडम, टायरले तेल लावलं काय?" पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली.

"बहुतेक... बाबांनी."

"मंग फिरकी घसरून राह्यली न! आमच्या आबाजीनंही दसऱ्याले असंच चमकवलं होतं. आठ दिवस अंधारात घंटी वाजवत फिरले."

वर्ग हसला. मलाही हसू आलं. तिने फळ्याचं डस्टर आणून खडूची भुकटी टायरला रगडली. "मारा आता."

घर्रर्र आवाज झाला आणि दिवा लागला. पिवळा, थरथरता. मुली बाकांवर चढल्या.

"या डबीत चुंबक फिरून राह्यलं," मी म्हटलं, आणि कळलं की मी घरी बोलते तशीच बोलतेय. पेडल मी त्या मुलीच्या हाती दिलं. "आता हळू फिरव बरं. काय झालं?"

"कमी झाला!"

"काहून?"

"चुंबक हळू फिरून राह्यलं!"

मग प्रत्येकीला पेडल फिरवायचं होतं. रांग लागली, ढकलाढकली झाली. शेवटी मॅडम वही ठेवून उठल्या, पदर खोचला. "सरका गं पोरींनो, मलेही पाहू द्या."

त्यांच्या हाताखाली दिवा नुसता मिणमिणला.

"जोरात, मॅडम, जोरात!" वर्ग ओरडला, आणि त्यात सगळ्यांत मोठा आवाज माझा होता.