मनगटापर्यंत न पोचणारे ठोके

लग्न झालं तेव्हा मी सिंदेवाहीला मुलींच्या शाळेत पहिलीचा वर्ग शिकवत होते. माझे यजमान गावाबाहेरच्या भाताच्या सरकारी फार्मवर बियाणं निवडायच्या कामावर होते. चिमूटभर धान तळहातावर घेतलं की हे लुचई, हे चिन्नोर, असं डोळे मिटून सांगत. बोलायची तर भारीच हौस. जेवताना घास हातात तसाच राही आणि गोष्ट पुढे चालू.

लहानपणी एकदा त्यांचे सांधे सुजून मोठा ताप आला होता, महिनाभर अंथरुणात होते, एवढं मला आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, सांगितलं होतं. त्या तापाचा काळजाशी काही संबंध असेल हे आमच्या कुणाच्या गावीही नव्हतं.

दुसऱ्या वर्षी त्यांना धाप लागायला लागली. फार्मवरून येताना चढाला सायकलवरून उतरत आणि चालत येत. एका रविवारी दुपारी ते आडवे झाले होते, मी सहज त्यांच्या छातीवर डोकं टेकलं. आत एक ठोका पडला, मग दोन घाईघाईने, मग एक जागा रिकामीच, मग पुन्हा तीन. रोज पोरींकडून पाढे म्हणून घेणारी मी. अडखळलेलं मला लगेच ऐकू येई.

"काऊन ऐकून राह्यली?" त्यांनी विचारलं.

"तुमचं काळीज चुकून राह्यलं जी."

"तुले पाहून चुकते," म्हणाले आणि हसले. मीही हसले. आपण त्या दिवशी हसलो याचा मला पुढे बरेच दिवस स्वतःचाच राग येत असे.

चांद्याला डॉक्टरकडे जायचं ठरलं, पण धान निघाल्यावर. धान कापणीला यायच्या आधीच एका सकाळी चहाचा कप त्यांच्या उजव्या हातातून निसटला. मी ओरडणार तोच त्यांचं तोंड एका बाजूला ओढलेलं दिसलं. ते मला काहीतरी सांगत होते. "बैल," म्हणाले. पुन्हा म्हणाले, "बैल." बोट पाण्याच्या माठाकडे होतं.

शेजाऱ्यांनी लकवा म्हटलं. फार्मच्या साहेबांनी बैलगाडी दिली आणि त्याच दिवशी आम्ही त्यांना छोट्या लाइनच्या गाडीने चांद्याला नेलं. तिथले डॉक्टर वयस्क होते, सावकाश बोलणारे. त्यांनी एका हाताने मनगट धरलं, दुसऱ्याने नळी छातीला लावली आणि बराच वेळ तसेच बसले. मी शिक्षिका आहे कळल्यावर नळी माझ्या कानात घातली, माझी बोटं मनगटावर ठेवली. छातीत ठोका पडे आणि मनगटावर काहीच येत नसे. सगळे ठोके हातापर्यंत पोचतच नव्हते.

"तुमच्याकडे शेताला पाणी द्यायची बोडी, लहान तळं, असेल," ते म्हणाले. "पाणी हलतं तोवर बरं राहतं. एखाद्या कोपऱ्यात थांबलं की त्याच्यावर शेवाळ धरतं. यांच्या हृदयाचा वरचा कप्पा नीट आवळत नाही, नुसता थरथरतो. तिथे रक्त थांबलं, त्याची गाठ झाली, ती वाहत डोक्यात गेली."

लहानपणीच्या त्या तापानेच हृदयाची एक झडप अरुंद झाली असावी, असंही त्यांनी सांगितलं. मी विचारलं, पुन्हा होईल का. होऊ शकतं, म्हणाले. रक्त गोठू न देणारं औषध निघालं आहे, पण ते घेणाऱ्याचं रक्त सारखं तपासावं लागतं आणि ती सोय इकडे नाही. खोटा धीर देऊन काय उपयोग, म्हणाले. ठोके आवरायला त्यांनी एका विलायती झाडाच्या पानाच्या गोळ्या दिल्या. रोज सकाळी पूर्ण मिनिटभर नाडी मोजायची. साठाच्या खाली गेली तर त्या दिवशी गोळी द्यायची नाही.

घरी आल्यावर आत्याबाईंनी कुठून तरी कबुतर आणलं. त्याचं रक्त लुळ्या अंगाला चोळायचं म्हणाल्या. मी अडवलं नाही. त्यांच्या आईलाही काहीतरी करावंसं वाटणारच. पण चोळायला बसल्या आणि मुलाचा हात मांडीवर घेऊन नुसत्या कुरवाळत राहिल्या. कबुतर त्यांनी संध्याकाळी सोडून दिलं.

पाय दोन-अडीच महिन्यांत सावरला. हात अर्धामुर्धा आला. शब्द मात्र येईनात. कळत सगळं होतं, पण मीठ मागायला जात आणि तोंडातून दोरी येई. मग ते गप्पच राहायला लागले. माणसं भेटायला आली की भिंतीकडे तोंड करत. मी शाळेतली पाटी आणली, ग गवताचा काढला. त्यांनी पाटी पालथी घातली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा मला माझी चूक कळली. ते पहिलीतलं पोर नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी फार्मवर गेले आणि साहेबांकडून निरनिराळ्या धानाच्या सात पुरचुंड्या मागून आणल्या. रात्रीचा स्वयंपाक बाजूला राहू दिला आणि त्यांच्यापुढे सगळ्या सोडून बसले. "मले यातलं काही समजत नाई," म्हटलं. "तुम्ही शिकवा."

त्यांनी डाव्या हाताने दाणे उचलले, चोळले, वास घेतला. मी मुद्दाम चुकीची नावं घेत गेले. ते मान हलवत. तिसऱ्या का चौथ्या दिवशी मी चिन्नोरला लुचई म्हटलं, तसे ते चिडले. ओठ बराच वेळ नुसते हलले.

"चि... चिन्नोर," ते म्हणाले. "चिन्नोर, बाई!"

आत्याबाई चुलीपासून उठून आल्या आणि दारातच बसल्या. पुढे मी रोज मुद्दाम चुके आणि ते रोज मला दुरुस्त करत. धानावरून अवजारं, अवजारांवरून भांडी, असे शब्द परत आले. सगळे नाही आले. लांब वाक्य मधेच तुटे, मी वाट बघे.

वर्षभराने ते फार्मवर परतले, बसून करायच्या कामावर. आम्हाला मुलगी झाली. सकाळची नाडी मी कधी चुकवली नाही. कधी बाळंतिणीच्या खाटेवरून मोजली. तरी मुलगी पाच वर्षांची असताना दुसरा झटका आला, आणि त्यातून ते उठले नाहीत. मोजल्याने ते टळणार नव्हतं, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

पण मधली ती सहा वर्षं आम्हाला मिळाली. त्या वर्षांत शाळा सुटायच्या वेळेला ते काठी टेकत मला घ्यायला येत. एवढं चालू नका म्हणून मी एकदा रागावले. ते थांबले, शब्द गोळा केले.

"घरी बसून," म्हणाले, "तुही वाट... पाहून राह्यतो. ते... जास्त थकवते."

मग मी रागावणं सोडलं. वह्यांचं ओझं एका हातात घ्यायची, दुसऱ्या हाताने त्यांचा दंड धरायची, आणि आम्ही रमतगमत घरी यायचो.