उशाखालचा धोटा

आणीबाणी उठली त्या वर्षी माझं लग्न झालं आणि मी कोंढ्याच्या धानाच्या बांधीतून उठून आंधळगावच्या विणकरांच्या घरात येऊन पडले. सासरी कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, कापड निघायचं. बायकांनी चरख्यावर सुताच्या कांड्या भरायच्या, आणि मागाच्या खड्ड्यात पाय सोडून विणायला बसायचे ते पुरुष. मला चिखल तुडवायची सवय. ते केसाएवढं बारीक सूत पाहून जीव नकोसा व्हायचा, त्यात माझी जीभ तिखट. तरी पहिले तीन महिने बरे गेले.

मग ते सुरू झालं. दुपारची जेवणं आटोपली की घटकाभर सगळेच आडवे होत. एके दिवशी मी जागी झाले आणि अंग हलेना. डोळे उघडे होते, छपराची कवेलू दिसत होती, पलीकडून मागाचा खडखडाट ऐकू येत होता. छातीवर कुणीतरी बसलं होतं. दारात एक बाई उभी होती, तिचा पदर दिसत होता, चेहरा दिसत नव्हता. तेवढ्यात सासूबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो, मला हाका मारू लागल्या. मी सगळं ऐकत होते आणि ओ देता येत नव्हती. सुटले तेव्हा दारात कुणी नव्हतं, आणि माग तर जेवणापासूनच बंद होता.

आत्याबाईंना आधी तो माजोरडेपणा वाटला. असं चार-पाच वेळा झाल्यावर त्या घाबरल्या. उघड्या डोळ्यांनी पडून घशातून घरघर करणारी सून पाहून कोण घाबरणार नाही? आज मी त्यांना दोष देत नाही, तेव्हा पोटभर दिला. शेजारीण म्हणाली, बाहेरचं आहे. जाणकार आला, लिंबू झालं, अंगारा झाला. लोखंडाला असलं काही भितं म्हणून माझ्या उशाखाली विळा ठेवून झाला. मी झोपायलाच भिऊ लागले, आणि झोप कमी झाली तसं ते जास्तच येऊ लागलं. शेवटी कोंढ्याला निरोप गेला, पोरीला घेऊन जा.

सासऱ्यांना, म्हणजे मामाजींना, या सगळ्यात कुणी विचारलं नव्हतं. ते फार बोलत नसत. त्यांच्या उशाखाली मात्र मागावर आडवं सूत ओवणारा एक जुना धोटा कायम असे, दोन्ही टोकांना लोखंड बसवलेला. झोपेतही हत्यार जवळ ठेवणारा विणकर म्हणून घरात त्याचं कौतुक होतं.

माझे वडील आले ते टोपी गुडघ्यावर ठेवून ओसरीवर बसले. अशा परत पाठवलेल्या मुलीला सासरहून पुन्हा कुणी न्यायला येत नसे, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. नवरा खांबाला टेकून जमिनीकडे पाहत राहिला. त्याबद्दलचा राग मी पुढे कितीतरी वर्षं जपून ठेवला.

पलीकडे चाललेला मामाजींचा माग थांबला. मामाजी आत गेले, उशाखालचा धोटा घेऊन आले आणि तो त्यांनी वडिलांसमोर ठेवला.

"हा माह्या उशाखाली काहून असते, कोणी इचारलं नाही," ते म्हणाले. "बारा वर्साचा होतो, तवापासून मलेबी हेच होते. पोरीले धाडाचं असन तर मलेबी धाडा."

आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला. तीस वर्षांचा संसार करून त्यांना हे ठाऊक नव्हतं. त्या दिवशी सगळ्यांत जास्त त्यांनाच लागलं असावं. वडील जेवून एकटेच परत गेले. पुढे बरेच दिवस गावातली माणसं मामाजींशी जरा लांबूनच बोलत होती.

त्यानंतर मी त्यांच्या मागाशेजारी बसून कांड्या भरू लागले आणि ते विणता विणता मला शिकवत गेले. अंग बांधलं गेलं तर धडपडायचं नाही, फक्त पायाचा अंगठा हलवायचा, बाकीचं आपोआप सुटतं. लोखंडानं काही होत नाही, पण हाताला धीर येतो. स्वप्नातही ते विणतच असत म्हणे. कोशाचा धागा जागेपणी सारखा तुटतो, दर वेळी थांबून गाठ मारावी लागते.

"धागा तुटून नाही राहिला, तं समजून घेजो बाई, हे सपन आहे. मंग भ्याचं नाही. बसून पाह्याचं."

मला हसू आलं होतं. पण काही महिन्यांनी दुपारच्या झोपेत मी मागावर बसले होते, जिथे त्या घरातली बाई कधी बसली नव्हती. कापड पुढे सरकत होतं आणि धागा काही तुटेना. मला कळलं, मी झोपेत आहे. भीती तिथल्या तिथे गेली. काठ लाल होता, मला हिरवा हवा होता, तो हिरवा झाला. मी उठून मामाजींना सांगितलं. त्यांनी धाग्यावरची नजर न काढता हिरवा कोणता, एवढंच विचारलं. धानाच्या रोपांचा, मी म्हटलं.

दहा वर्षांनी ते साध्या तापानं गेले. तेरवी झाली, पाहुणे पांगले. त्या दुपारी मी पडले आणि पलीकडे खडखडाट सुरू झाला. मामाजी मागावर बसले होते, मी शेजारी चरख्यापाशी. मी धाग्यावर डोळे लावून बसले. तो तुटावा, एकदा तरी तुटावा, असं मला वाटत होतं. तुटला असता तर ते खरोखर तिथे असते. तो तुटला नाही.

बाहेरून आत्याबाई हाका मारत होत्या, ते मला ऐकू येत होतं. अंगठा हलवला की सुटता येतं, हेही मला माहीत होतं. मी तो हलवला नाही.